डॉलर सोडा, टक्याचा भाव सांगा

गोष्ट डिसेंबर २०२५ मधली. डॉलरने ९० रुपयांचा आकडा ओलांडला त्या आठवड्यातली. आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीसारखे तट पडले. ऑनसाईट गेलेली मंडळी खुशीत, युरोप ट्रिपचं बुकिंग करून बसलेली मंडळी सुतकात. तिसरा गट कायमचाच. त्याला रुपया म्हणजे देशाची अब्रू वाटते आणि तो अजून चाळीस रुपयांच्या डॉलरची स्वप्नं बघतो. मीही दोन-चार मीम्स पुढे ढकलले आणि शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटका करून घेऊन विंचूर गाठलं.

विंचूर माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलात की निफाडनंतर आणि येवल्याच्या आधी लागतं ते विंचूर. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. हल्लीच्या पब्लिकला ते वाईन पार्कमुळे ठाऊक. पण आमच्या घरात विंचूर म्हणजे कांद्याचा लिलाव. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो आणि सीझनला ट्रॅक्टर नि पिकअपच्या रांगा लागतात.

शनिवारी सकाळी नानांबरोबर लिलावाला गेलो. नाना म्हणजे माझे थोरले काका. माझे वडील नोकरीसाठी बाहेर पडले, शेती नानांनी सांभाळली. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये त्यांच्या कांद्याचे पैसे आहेत, हे मी विसरलो तरी आई विसरू देत नाही. लाल कांदा निघायला लागला होता. रांगेत उभ्या ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या नानांनी विचारलं, "रुपया लई पडला म्हणं टीव्हीवर. मग आता भाव वाढंल का रे?"

मी लगेच क्लास सुरू केला. रुपया घसरला की निर्यात वाढते, निर्यातदाराला एका डॉलरमागे जास्त रुपये मिळतात, मग तो शेतकऱ्याला जास्त भाव देऊ शकतो, वगैरे वगैरे. शेजारी एक व्यापारी चहा पीत उभे होते, नानांच्या ओळखीचे. ते हसले. म्हणाले, "भाऊ, तुमचं गिऱ्हाईक अमेरिकेत असंल. आमचं ढाक्यात बसलंय. त्याच्या खिशात डॉलर नाही, टका आहे. टक्याचा भाव सांगा, मग बोलू."

माझी बोलतीच बंद झाली. मला टक्याचा भाव माहीत नव्हता. तुम्हाला माहीत आहे? खरं सांगा, गुगल न करता.

आणि मला एकदम २०२२ आठवलं.

त्या उन्हाळ्यात नानांच्या कांद्याचे पैसे एका व्यापाऱ्याकडे अडकले होते. चार महिने. ताईचं लग्न ठरलेलं, नानांनी हातउसने घेऊन वेळ भागवली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, अंगात खुमखुमी होती. मी त्या माणसाला पुण्याहून फोन केला आणि चांगलाच झापला. माझं त्यातलं एक वाक्य अजून लक्षात आहे : "रुपया पडलाय, तुम्हाला तर उलट फायदाच झाला असणार!" तो फक्त एवढंच म्हणाला, "माल कोलंबोला आहे साहेब." मला त्याचा अर्थ कळला नाही. कळून घ्यायची गरजही वाटली नाही. माल कोलंबोला असो नाहीतर कोपरगावला, पैसे दे, एवढंच माझं म्हणणं.

आता अर्थ सांगतो. मार्च २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण २०० श्रीलंकन रुपये पडत होते. मे महिन्यात ३६० च्या आसपास. म्हणजे आपल्या एका रुपयाला आधी त्यांचे अडीच-पावणेतीन रुपये मोजावे लागत होते, तिथे दोन-अडीच महिन्यांत साडेचारच्या वर मोजायची वेळ आली. आणि ते मोजायची तयारी असली तरी त्यांच्या बँकांकडे डॉलर शिल्लक नव्हते. ज्या आठवड्यांत आपले चॅनेल "रुपया नीचांकावर" म्हणून ओरडत होते, त्याच आठवड्यांत कोलंबोच्या गिऱ्हाइकासाठी आपला रुपया दीडपटीहून जास्त महाग झाला होता. मी त्या माणसाला "फायदा झाला असणार" म्हणत होतो!

(त्याने शेतकऱ्याचे पैसे अडवले ते चूकच. धंद्यातली जोखीम त्याची होती, ती नानांच्या गळ्यात मारायचा त्याला हक्क नव्हता. पण मी ज्या वाक्याच्या जोरावर त्याला झापलं, ते वाक्य खोटं होतं.)

तर मंडळी, आजचा लेख त्या वाक्यावर आहे. "रुपया पडला की निर्यातदाराचं आणि शेतकऱ्याचं भलं होतं." माझं म्हणणं, हे वाक्य अर्धवट आहे आणि विंचूरच्या कांद्याच्या बाबतीत बऱ्याचदा चक्क खोटं आहे. आपला माल जो विकत घेतो त्याच्या चलनात रुपयाचा भाव काय, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आकडा आपल्याला ना पेपर सांगतो, ना टीव्ही, ना आपण कधी विचारतो.

पुण्याला परतल्यावर मी एक साधं काम केलं. डॉलर-रुपयाचे जुने दर एका कॉलममध्ये, डॉलर-टक्याचे दुसऱ्या कॉलममध्ये, आणि एकाला दुसऱ्याने भागलं. यात काही रॉकेट सायन्स नाही, एक्सेल येणारा कोणीही करेल. आकडे ठोकळमानाने देतोय, पैशाचा काथ्याकूट करू नका.

बांगलादेशने ४ मार्च १९७२ ला टका काढला तेव्हा त्याचा दर पौंडाशी बांधला होता, पण असा की एक टका बरोबर एक भारतीय रुपया. मे १९७५ मध्ये टक्याचं मोठं अवमूल्यन झालं, पौंडामागे साधारण १९ टक्यांचे ३० झाले. जुलै १९९१ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, ते तुम्ही शाळेत वाचलंच आहे. मे २००३ च्या अखेरीस टका बाजारावर सोडला गेला. त्या सुमाराला एका रुपयाला साधारण १.२५ टके मिळत होते. २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांना आणि ७४ टक्यांना होता, म्हणजे रुपयाला तब्बल १.६५ टके. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला, टका मात्र ७८ वर ठाम. रुपया आला १.१५ टक्यांवर. २०२१ मध्ये ७४ रुपये आणि ८५ टके, म्हणजे पुन्हा १.१५. २०२४ च्या अखेरीस साडेपंच्याऐंशी रुपये आणि १२० टके, म्हणजे १.४०. आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० रुपये, १२२ टके, म्हणजे १.३५ च्या आसपास.

यातल्या दोन गोष्टींनी मी चाट पडलो.

पहिली. १९७२ मध्ये डॉलर साडेसात रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये ९०, म्हणजे बारापट. टका तर त्याहून जास्त घसरला. डॉलरच्या फूटपट्टीने बघितलं तर दोघांची धूळधाण झालेली दिसते. पण एकमेकांच्या तुलनेत? पन्नासहून जास्त वर्षांत एकाचे सव्वा ते दीड, इतकंच. मधली हेलपाटणी सोडली तर दोघं शेजारी शेजारीच चालत आलेत. आपण मात्र दोघांकडेही न्यूयॉर्कच्या गच्चीवरून बघतो आणि म्हणतो, किती खाली गेले बिचारे!

दुसरी गोष्ट महत्त्वाची. २०२१ ते २०२४ या काळात डॉलरच्या तुलनेत रुपया पडला. ७४ चा साडेपंच्याऐंशी झाला. पेपरवाल्यांच्या हिशेबाने निर्यातदाराची चांदी. पण त्याच काळात टक्याच्या तुलनेत रुपया वधारला, १.१५ वरून १.४० वर, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. म्हणजे ढाक्याच्या गिऱ्हाइकासाठी आपला कांदा, विंचूरमध्ये एक पैसाही भाव न वाढता, तेवढाच महाग झाला.

उदाहरण घेऊ. समजा २०२१ मध्ये व्यापाऱ्याने सीमेवर पोचवलेल्या कांद्याचा भाव किलोला २५ रुपये लावला. गिऱ्हाइकाला तो पावणेएकोणतीस टक्यांना पडला. २०२४ च्या अखेरीस तेच २५ रुपये म्हणजे ३५ टके. आता तो म्हणाला की बाबा, मी माझ्या बाजारात २९ च्या वर विकूच शकत नाही, तर आपल्या हातात किती येतात? साडेवीस रुपये. किलोला साडेचार रुपये गेले. क्विंटलला साडेचारशे. हे साडेचारशे ना हवामानाने खाल्ले, ना दलालाने. ते एका भागाकाराने खाल्ले, जो कुणी केलाच नाही.

आता तुमच्या शंका. मलाही होत्या.

शंका एक : "अरे पण व्यवहार तर डॉलरमध्येच होतो ना? एलसी डॉलरची, पेमेंट डॉलरमध्ये. मग टक्याचा संबंध काय?" बरोबर आहे, कागद डॉलरचाच असतो. आपला निर्यातदार डॉलर विकून रुपये घेतो, तिकडचा आयातदार टके देऊन डॉलर घेतो, आणि दोन्हीकडच्या बँका आपापलं कमिशन कापतात. पण टनाला किती डॉलर, हा आकडा काही आकाशातून पडत नाही. तो गिऱ्हाइकाच्या कुवतीतून येतो. ढाक्याच्या बाजारात आज्जीबाई भाजीवाल्याला टके देतात. त्याच टक्यांत आता कमी डॉलर येतात, म्हणून आयातदार टनाला कमी डॉलर देऊ करतो. आपल्याला डॉलरमागे जास्त रुपये मिळतात हे खरं, पण मिळणारे डॉलरच आटलेले असतात. डॉलर हा इथे फक्त मधला सर्व्हर आहे. डेटा आपला, युजर त्यांचा, आणि आपण दिवसभर सर्व्हरचं तापमान बघत बसलोय.

उलट नेपाळ बघा. नेपाळी रुपयाचा दर आपल्या रुपयाशी १९९३ पासून १.६० ला बांधलेला आहे. डॉलर ९० झाला काय नि १०० झाला काय, काठमांडूच्या गिऱ्हाइकाला आपला रुपया त्याच भावात मिळतो. म्हणजे आपल्या तीन शेजारी गिऱ्हाइकांपैकी एकासाठी रुपया जागचा हलला नाही, दोघांसाठी महाग झाला, आणि आपण मात्र "रुपया स्वस्त झाला" म्हणून पेढे वाटतोय किंवा रडतोय.

शंका दोन : "महागाई धरली का?" ही शहाण्या माणसाची शंका आहे. बांगलादेशात त्या वर्षांत महागाई आपल्यापेक्षा जास्त होती, त्यामुळे तिकडचे भावही टक्यात वाढले. रुपया टक्याच्या तुलनेत जितका महाग दिसतो त्यातला जवळपास निम्मा भाग या फरकातून भरून निघतो. मान्य. पण दोन गोष्टी. एक, उरलेला निम्माही थोडा नाही, कांद्यासारख्या मालात सगळा नफाच तेवढा असतो. दोन, चलन काही महिन्यांत कोसळतं, पगार नि मजुरी वर चढायला वर्षं लागतात. मधल्या काळात ढाक्याचा माणूस कांदा कमी खातो किंवा दुसऱ्याचा घेतो.

आणि हा "दुसरा" कोण, तेही बघा. पाकिस्तान. २०२१ मध्ये आपल्या एका रुपयाला सव्वादोनच्या आतबाहेर पाकिस्तानी रुपये मिळत. सप्टेंबर २०२३ मध्ये तिकडे डॉलर ३०० च्या पुढे गेला तेव्हा साडेतीनहून जास्त. म्हणजे कोलंबो नि दुबईच्या बाजारात आपल्या शेजारी टोपली मांडून बसणाऱ्याचा माल आपोआप स्वस्त झाला. गिऱ्हाइकाचं चलन आणि स्पर्धकाचं चलन, दोन्ही पडली. आपल्या निर्यातदाराला दोन्ही बाजूंनी मार. आणि बातमी काय? तर डॉलर ८३.

शंका तीन, सगळ्यांत मोठी : "हे सगळं ठीक आहे, पण खरं दुखणं निर्यातबंदी आहे." शंभर टक्के मान्य! सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, सप्टेंबर २०२० मध्ये बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी, मे २०२४ मध्ये ती उठवून ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क, आणि उरलंसुरलं शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. २०१९ च्या बंदीनंतर शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. सगळे हसले. त्या हसत हसत बोलल्या, पण नंतर त्यांच्या देशाने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार असे दुसरे दरवाजे शोधले आणि घरचं पीक वाढवायच्या मागे लागला. एका रात्रीच्या अधिसूचनेपुढे विनिमय दर म्हणजे किरकोळ, हे नाना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगल्या शब्दांत सांगतील. ते शब्द इथे छापता येणार नाहीत.

पण जरा ते ८०० डॉलर पुन्हा बघा. हा आकडा कुणाला समोर ठेवून ठरवला? ८०० डॉलर टनाला म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला ६७ रुपये. आपल्याला एवढंच दिसलं. ढाक्याला ते ८८ टके होतात. २०२१ च्या दराने तेच ८०० डॉलर ६८ टके झाले असते. म्हणजे आकडा तोच, पण भिंत २० टक्यांनी जास्त उंच. ही उंची दिल्लीत कुणी मोजली होती का? मला नाही वाटत. डॉलरमध्ये विचार करायची सवय लागली की भिंत बांधणाऱ्यालाही ती किती उंच झाली ते कळत नाही. म्हणजे दुखणी दोन नाहीत, एकच आहे. आपल्या गिऱ्हाइकाचा खिसा आपल्याला दिसत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्या सरकारला एकेकाळी नीट कळत होतं. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, पाठोपाठ आपण रुपयाचं केलं. पाकिस्तानने केलं नाही. त्यामुळे शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये द्यायची वेळ आली. आपण म्हणालो, हा दर आम्हाला मान्य नाही. व्यापार ठप्प झाला. फाळणीत तागाची शेतं गेली होती पूर्व बंगालमध्ये आणि गिरण्या राहिल्या होत्या कलकत्त्याला. इकडे गिरण्यांना ताग मिळेना, तिकडे शेतकऱ्याच्या तागाला गिऱ्हाईक मिळेना. दीडेक वर्षाने, फेब्रुवारी १९५१ मध्ये, भारताने मुकाट्याने तो दर मान्य केला. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं आणि दोन्ही रुपये पुन्हा एका भावात आले.

तेव्हा मार खाल्ला तो आजच्या बांगलादेशातल्या ताग-शेतकऱ्याने. दोन राजधान्यांमध्ये ताठा, आणि माल पडला शेतात. आज तीच वाट, तोच व्यापार, फक्त दिशा उलटी आणि मालाचं नाव कांदा. फरक एवढाच की तेव्हा दोन्ही सरकारं निदान त्या दरावरून भांडली तरी. दर आहे, हे त्यांना माहीत होतं. आज आपल्याला तो आहे हेच माहीत नाही.

आणि आमच्या भागाला तर हे अजिबात नवीन नाही. जवळच चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, तिथला रुपया चांदोरी म्हणून चालायचा. प्रत्येक टांकसाळीचं नाणं वेगळं, आणि एकाचं दुसरं करून घेताना सराफ कापून घ्यायचा तो बट्टा. "नावाला बट्टा लागला" असं आपण आजही म्हणतो, ते याच धंद्यातून आलेलं. पुढे येवला ओलांडून वैजापूरला गेलं की निजामाचं राज्य. तिथे हाली शिक्का चाले, आणि इंग्रजी रुपयाला म्हणत कलदार. शंभर कलदारांना एकशे साडेसोळा-सतरा हाली, हा हिशेब बैलबाजाराला जाणाऱ्या निरक्षर माणसाला तोंडपाठ असे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षं दोन्ही नाणी चालत होती. म्हणजे आपल्या पणजोबांना जो हिशेब बोटांवर येत होता, तो खिशात स्मार्टफोन असलेल्या, इंजिनिअरिंगला मॅथ्स थ्री-फोर पास झालेल्या मला येत नव्हता. याला प्रगती म्हणायचं का?

"पण आता रुपयात व्यवहार सुरू झालेत ना?" हो. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात आयात-निर्यातीची वाट उघडली, आणि ११ जुलै २०२३ ला ढाक्यात समारंभ करून भारत-बांगलादेश व्यापार रुपयात सुरूही झाला. चांगली गोष्ट आहे, थट्टा करायची नाही. पण हिशेब बघा. २०२३-२४ मध्ये आपण बांगलादेशला ११ अब्ज डॉलरच्या आसपास माल विकला आणि त्यांच्याकडून दोन अब्जांच्या आतलाच घेतला. त्यांच्या हातात रुपये येणार ते या दोन अब्जांतूनच. बाकीच्या नऊ अब्जांसाठी ते रुपये आणणार कुठून? फिरून डॉलर विकूनच. याआधीही १९७४ मध्ये आशियाई देशांनी एशियन क्लिअरिंग युनियन काढली, मुख्यालय तेहरानला. दर दोन महिन्यांनी उरलेला हिशेब चुकता करायचा, म्हणजे डॉलर कमी लागतात. कल्पना छान, पण मापाची काठी मुख्यतः डॉलरचीच राहिली. आणि रुपयात व्यवहार झाला तरी रुपयाला किती टके, हा प्रश्न सुटत नाही. उलट तोच तेवढा उरतो.

मग करायचं काय? नुसता ओरडा करून थांबणाऱ्यांतला मी नाही (बायको म्हणेल, आहेसच). माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, बाजार समित्यांच्या फलकावर रोजच्या लिलावाच्या किमान, कमाल आणि सरासरी भावाशेजारी दोन ओळी वाढवा : आज एका रुपयाला किती टके, किती श्रीलंकन रुपये. खडू लागतो, बजेट लागत नाही. दोन, ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या व्यापारी भागीदारांच्या चलनांसाठी रुपयाचे पारदर्शक संदर्भ दर ठरवण्याची घोषणा केली. त्या यादीत टका आणि श्रीलंकन रुपया असलेच पाहिजेत. यादी बनवताना तेल विकणाऱ्यांइतकाच कांदा विकत घेणाऱ्यांचाही विचार करा. तीन, पुन्हा कधी किमान निर्यातमूल्य लावायचा मोह झालाच, तर ते गिऱ्हाइकाच्या चलनात किती होतं हे त्याच अधिसूचनेत लिहा. मग निदान आपण कोणाच्या तोंडावर दार आपटतोय ते तरी कळेल.

आणि चौथी मागणी आपल्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. आपला पगार डॉलरच्या बिलिंगवर चालतो म्हणून अख्खा देश डॉलरवर चालतो असं आपल्याला वाटायला लागलंय. आपल्यासाठी ९० चा डॉलर ही चांगली बातमी असेलही. पण गावी फोन करून "आता तुमची मजा आहे" म्हणण्याआधी एक भागाकार करा. मी तो केला नाही, आणि एका माणसाला तो बुडत असताना "पोहायला मजा येत असेल ना" असं विचारून बसलो. त्याची माफी मागायला मी मागच्या महिन्यात गेलो होतो. त्याने धंदा बंद केलाय. खळं भाड्याने दिलंय. चहा पाजला, जुनं काही काढलं नाही. निघताना म्हणाला, "तुम्ही एकटे नाही हो साहेब. बँकेतल्या साहेबानेपण मला हेच विचारलं होतं."

हल्ली दर शनिवारी सकाळी नानांचा फोन येतो. पूर्वी विचारायचे, "डॉलर कितीला?" आता विचारतात, "टका कितीला रे?" मी सांगतो. ते म्हणतात, "बरं." मग चाळीतला कांदा काढायचा की थांबायचं, ते त्यांचं ते ठरवतात. माझ्या सांगण्याने भाव वाढत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण निदान खोटं तरी ऐकावं लागत नाही.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.